डब्याची बारी

एक तारखेला सकाळी हणमंतरावांनी टीव्ही लावला, तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. त्यांनी चॅनल बदललं, तिथंही मुंग्या. बातम्यांच्या मुंग्या आणि भजनाच्या मुंग्या यांत काडीचा फरक नव्हता. मग त्यांनी टीव्हीच्या डोक्यावर दोन चापट्या मारल्या. या उपायाने त्या घरात आजवर टीव्ही, रेडिओ आणि एकदा मिक्सर असं सगळं दुरुस्त झालेलं होतं. पण मुंग्या हलल्या नाहीत.

"वायर कुणी ओढली?" त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेनं विचारलं.

"मी कशाला ओढू?" सिंधुबाई आतून म्हणाल्या. "मी भाकऱ्या करून राहिले."

"तू न्हाई गं. पलीकडून."

पलीकडून म्हणजे भिंतीपलीकडून. भिंतीपलीकडे भागवत राहत होता. भागवत हा हणमंतरावांचा सख्खा धाकटा भाऊ. सहा वर्षांपूर्वी वाटणी झाली, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. बोलणं बंद होतं म्हणजे एकमेकांना काही कळत नव्हतं असं मात्र नाही. हणमंतरावांना काही सांगायचं असलं की ते अंगणातल्या म्हशीला सांगत. भागवतला उत्तर द्यायचं असलं की तो आपल्या मोटारसायकलीला देई. दोन अंगणांच्या मध्ये कमरेइतकंच कुंपण होतं, त्यामुळं टपाल वेळेवर पोचत असे.

हणमंतराव अंगणात आले आणि म्हशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "काय गं, दुसऱ्याची केबल तोडून कुणाचं भलं झालंय का आजवर?"

कुंपणापलीकडे भागवत मोटारसायकलीच्या टाकीवरून फडकं फिरवत होता. "ज्याच्या घरात मुंग्या न्हाईत त्याला बोलावं बाबा," तो टाकीला म्हणाला. "आमच्याकडं तर सकाळपासून वारूळ फुटलंय."

म्हशीनं रवंथ चालू ठेवलं. मोटारसायकलही काही बोलली नाही.

दुपारी निलंग्याहून वीरभद्र आला. आसपासच्या सात गावांत केबल त्याचीच होती. अठरा वर्षांपूर्वी त्यानेच बांबूंवरून आणि लिंबाच्या फांद्यांवरून वायर ओढत हे गाव जगाशी जोडलं होतं. आज मात्र त्याचा चेहरा दहाव्याला आल्यासारखा होता.

"दोन महिन्यांपासून टीव्हीच्या खालच्या पट्टीवर लिहून येत व्हतं की," तो म्हणाला. "ॲनालॉग बंद होणार, डिजिटल येणार, सेट-टॉप बॉक्सचा डबा बसवून घ्या. तुमी वाचलं न्हाई का?"

"मला वाटलं जाहिरात हाय."

"आता वरूनच बंद झालंय. आख्ख्या देशात. डबा बसवल्याबिगर चित्र न्हाई."

"मग बसव. दोन्ही घरी."

इथं वीरभद्रनं कान खाजवला. "दोन कसे बसवू? कनेक्शन एकच हाय. माणिकरावांच्या नावावर."

माणिकराव म्हणजे या दोघांचे कैलासवासी वडील. वाटणीच्या वेळी सतरा एकर रान वाटलं, बैल वाटले, तांब्याचा हंडा वाटला, आंब्याची झाडं वाटली. एका आंब्यावर मधाचं मोहोळ होतं, तेसुद्धा पंचांनी मोजून मापून वाटलं. त्यात तीन पंचांना माश्या चावल्या. विहीर एकच होती म्हणून तिच्या बाऱ्या ठरल्या, तीन दिवस तुझे आणि तीन दिवस माझे. केबल मात्र राहून गेली. वीरभद्रनं एका वायरीला जोड मारून दोन्ही घरांत चित्र दिलेलं होतं, आणि जे चालू आहे त्याची वाटणी करावी असं कुणाच्या डोक्यात येत नाही.

"पहिल्या वायरीत सगळी चॅनलं सोबत येत व्हती," वीरभद्र समजावू लागला. "ज्याला जे पाहिजे ते लावा. आता डब्यातून एका वेळी एकच चॅनल बाहेर पडतंय. पुढं वायरी दोन काढा न्हाईतर दहा काढा, दहा घरांत तेच दिसणार. त्यापरीस एकानं नवीन कनेक्शन घ्या. आज अर्ज भरा, उद्या डबा."

हणमंतराव म्हशीकडं वळले. "ज्याला नवीन पाहिजे त्यानं खुशाल घ्यावं. बापाचं कनेक्शन थोरल्याकडं राहतंय."

मोटारसायकलीच्या बाजूनं आवाज आला, "बाप काय एकट्याचा व्हता का?"

झालं. प्रश्न टीव्हीचा राहिलाच नाही. नवीन कनेक्शन घेणं म्हणजे जुन्यावर आपला हक्क नाही हे लिहून दिल्यासारखं होतं. उद्या गावात कुणी म्हणालं असतं, "माणिकरावांचं कनेक्शन धाकट्यानं सोडलं," तर भागवतला चावडीसमोरून जाता आलं नसतं. आणि थोरल्यानं सोडलं म्हणाले असते, तर हणमंतरावांना घराबाहेर पडता आलं नसतं. वीरभद्रनं अर्धा तास म्हशीची आणि मोटारसायकलीची समजूत घातली आणि शेवटी देविदासअण्णांना बोलावणं धाडलं.

देविदासअण्णा हे वाटणीतले मुख्य पंच. मोहोळाच्या माश्या चावलेल्या तिघांपैकी एक. वय ऐंशी. त्यांनी डबा हातात घेऊन उलटासुलटा बघितला, कानाशी लावून हलवला आणि विचारलं, "हणमंता, विहीर कशी चालू हाय?"

"बारीनं."

"भांडणं होतेत का?"

"होतेत की."

"पाणी मिळतंय का?"

"मिळतंय."

"मग झालं की. डब्याची बी बारी लावा."

फैसला असा झाला: डबा एक दिवस हणमंतरावांचा, एक दिवस भागवतचा. बारी बदलणार सकाळी सहाला, म्हणजे विहिरीची बारी बदलते त्याच वेळी. दोन घरांच्या मधल्या भिंतीला आरपार भोक पाडून तिथं डबा ठेवायचा. ज्याची बारी त्याच्या घराकडं डब्याचं तोंड आणि त्याच्याच हातात रिमोट. आणि विहिरीचा दस्तूर इथंही लागू राहील: बारीत लाईट जेवढे तास गेली, तेवढे तास पुढं भरून मिळतील.

"इतका इन्साफ हायकोर्टात बी न्हाई," वीरभद्र म्हणाला आणि कपाळाला हात लावून निघून गेला.

त्या दिवसापासून दोन्ही घरं एक दिवसाआड सुखी झाली. हणमंतरावांच्या बारीला दोन्ही घरांत बातम्या आणि बाजारभाव लागत. भागवतच्या बारीला दोन्ही घरांत कुस्ती आणि दाक्षिणात्य सिनेमे लागत. सिनेमा चालू असला की हणमंतराव निषेध म्हणून टीव्हीकडं पाठ करून जेवायला बसत. फक्त हाणामारी सुरू झाली की भाकरी घेण्याच्या निमित्तानं वळत, आणि मग भाकरी पुष्कळ लागे. साडेसातच्या मालिकेला मात्र डब्याचं तोंड कुणीकडंही असलं तरी चालत असे. त्या अर्ध्या तासात सिंधुबाई आणि भागवतची बायको राजकन्या या दोघी भिंतीच्या भोकातून सासूच्या भूमिकेतल्या बाईला एकत्र शिव्या देत. जावांचं बोलणं कधी बंद पडलंच नव्हतं. त्यांनी ते नवऱ्यांना सांगितलं नव्हतं, एवढंच.

असं महिनाभर चाललं. आणि मग हणमंतरावांना फोन आला.

त्याचं असं झालं होतं, की तुरीला शेंगा धरल्या तेव्हा एका चॅनलची शेतीच्या कार्यक्रमाची माणसं कॅमेरा घेऊन आली होती. कृषी सहायकानं हणमंतरावांचं नाव सुचवलं होतं. अर्धा दिवस बांधावर शूटिंग झालं. हणमंतराव डोक्याला नवा फेटा बांधून पाऊण तास बोलले. नंतर त्या पोरींनी आणि पोरांनी इकडची तूर, तिकडची तूर, शेंगा, फुलं, आभाळ असं बरंच काही टिपलं, चहा घेतला आणि गेले. आता फोनवरची मुलगी सांगत होती, "काका, गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला बघा. आठ मिनिटं आहेत तुमची."

हणमंतरावांनी पहिला फोन लातूरला लावला, व्याह्यांना. हणमंतरावांची लेक सुकन्या लातूरला दिली होती आणि तिचे सासरे डाळमिलमध्ये मुकादम होते. अकरा वर्षांपूर्वी मिलच्या नव्या यंत्राच्या पूजेचा फोटो वर्तमानपत्रात आला होता आणि त्यात व्याही मागच्या रांगेत उभे होते. म्हणजे त्यांचा डावा खांदा आणि अर्धा कान उभा होता. तो फोटो त्यांनी चौकटीत घालून बैठकीत लावला होता आणि गेली अकरा वर्षं हणमंतराव प्रत्येक मुक्कामात तो उभं राहून बघत आले होते.

"व्याही, गुरुवारी इकडंच या," हणमंतराव अंगणात फेऱ्या मारत फोनवर ओरडत होते. "न्हाई, मागच्या रांगेत न्हाई. एकटाच हाव. आठ मिनिटं!"

त्यानंतर त्यांनी बावीस फोन केले. मेहुणे, साडू, सोसायटीचे चेअरमन, कृषी सहायक, देविदासअण्णा. वीरभद्रलाही बोलावलं. सगळे सांगून झाल्यावर घाम पुसत घरात आले, तेव्हा सिंधुबाईंनी तांदूळ निवडता निवडता विचारलं, "गुरुवारी बारी कुणाची हाय?"

हणमंतरावांनी बोटं मोजली. मग दुसऱ्या हाताची मोजली. दोन्ही हातांचं उत्तर एकच आलं. बुधवार त्यांचा होता आणि गुरुवार भागवतचा. शिवाय गुरुवारी संध्याकाळी कुस्तीची फायनल होती. भागवतनं ते मोटारसायकलीला कालच सांगितलं होतं.

आता तेवीस माणसं येणार, चहा-पोहे खाणार आणि समोर दोन पैलवान एकमेकांचे लंगोट धरून उभे असणार. व्याही काय म्हणतील, हे हणमंतरावांना त्यांच्या आवाजासकट ऐकू येऊ लागलं.

ते मुकाट्यानं सायकल काढून निलंग्याला वीरभद्रकडं गेले. "मला नवीन कनेक्शन दे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "कुणाला सांगू नको. तत्त्व सोडून आलोय मी."

"तत्त्व मागच्या महिन्यात सोडायला पाहिजे व्हतं, दादा. तवा डबे व्हते." वीरभद्रनं रिकामं कपाट उघडून दाखवलं. "आख्खा तालुका रांगेत हाय. आता पंधरा दिवस तरी डबा न्हाई."

परत येताना हणमंतरावांना कायदा आठवला. बारीत लाईट गेली तर तेवढे तास भरून मिळतात. बुधवार त्यांचा. बुधवारी समजा लाईट गेली, तर तेवढा वेळ त्यांची बारी गुरुवारी पुढं सरकणार. गुरुवारी सकाळी सहा ते संध्याकाळी सात, म्हणजे तेरा तास. बुधवारी तेरा तास लाईट जायला हवी होती. आणि तेरा तास लाईट जाणं ही त्या गावात नवसानं मागावी अशी गोष्ट नव्हती. वारा सुटला तरी जायची, वारा पडला तरी जायची.

बुधवारी सकाळी सहापासून हणमंतराव बल्बकडं बघत बसले. आठ वाजले, नऊ वाजले. बल्ब पापणीसुद्धा लववेना. दहा वाजता त्यांनी वायरमन धम्मदीपला फोन लावला.

"काका, लाईट गेली का?" धम्मदीपनं सवयीनं विचारलं.

"न्हाई."

"मग फोन कामून केला?"

"जाणार हाय का, ते इचारायला."

"न्हाई काका. डीपीचा नवीन ट्रान्सफॉर्मर बसवलाय परवा. आता काही टेन्शन न्हाई."

"जरा सुद्धा न्हाई जाणार?"

"एक मिनिट बी न्हाई. खुश ना?"

"लई," हणमंतराव म्हणाले आणि फोन ठेवला.

संध्याकाळी त्यांनी शेवटचा मार्ग पत्करला. म्हशीच्या गळ्याला खाजवत ते मोठ्यानं म्हणाले, "बघ गं, उद्या घरी पाहुणे येणार हायत. एखाद्यानं अर्धा तास कुस्ती न्हाई बघितली तर काय पैलवान रुसून बसतेत का?" पण मोटारसायकल तेव्हा निलंग्याला गेलेली होती.

गुरुवार उजाडला. सकाळी सहाला सिंधुबाईंनी डब्याचं तोंड पलीकडं फिरवलं आणि रिमोट भोकातून राजकन्येच्या हातात दिला. दुपारी चारला मेहुणे आले. पाचला व्याही एसटीतून उतरले. त्यांनी इस्त्रीचं धोतर नेसलं होतं आणि आल्या आल्या टीव्ही कुठं आहे ते विचारलं. साडेपाचला चेअरमन आले. हणमंतराव प्रत्येकाला पाणी देत होते आणि प्रत्येक तांब्याबरोबर थोडे थोडे खाली बसत होते. पावणेसहाला ते उठले, फेटा नीट केला आणि सहा वर्षांत प्रथमच कुंपणाला वळसा घालून भागवतच्या दारात जाऊन उभे राहिले.

राजकन्येनं दार उघडलं, पदर डोक्यावर ओढला आणि आत धावली. "अव, ऐकलं का? दादा आलेत! म्हशीबिगर आलेत!"

भागवत बाहेर आला. बनियनवर होता. दोघं भाऊ एकमेकांकडं बघत उभे राहिले. सहा वर्षं जनावराशी बोलायची सवय झालेली. माणसाशी कसं सुरू करतात ते हणमंतरावांना आठवेना.

"भागवत," ते म्हणाले आणि थांबले. मग एका दमात म्हणाले, "डबा आज अर्धा तास मला दे."

"साडेसहाला न्हवं का?"

"तुला कसं ठाव?"

"दादा, तू अंगणात उभा राहून फोन करतोस. निलंग्यात लोकं घड्याळं लावून बसलेत."

"मग ठाव व्हतं तर कालच सांगायचं न्हाई का?"

"हिनं ऐकलं, तू म्हशीला सांगत व्हतास," भागवत म्हणाला. "मला कवा सांगतोस, ते बघत व्हतो."

हणमंतरावांनी फेट्याचं टोक उगाच नाकाला लावलं. भागवतनं आत वळून खुंटीवरचा सदरा काढला.

"बारी तू घे. पर एक अट हाय. मी भिंतीमागून न्हाई बघणार. तुझ्या घरी येऊन, पुढं बसून बघणार. माझा भाऊ टीव्हीवर येतोय आन् मी काय भोकातून ऐकू?"

सव्वासहाला डब्याचं तोंड थोरल्या घराकडं फिरलं आणि पाठोपाठ धाकटं घर आलं. भागवत हणमंतरावांच्या शेजारी, अगदी खेटून, पहिल्या रांगेत बसला. सिंधुबाईंनी त्याच्या हातात पोह्यांची बशी दिली तेव्हा तो नुसता "वहिनी" म्हणाला आणि पोहे खाऊ लागला. देविदासअण्णांनी पंच म्हणून सगळ्यांकडं समाधानानं बघितलं. हणमंतरावांना वाटलं, आता आठ मिनिटं दाखवली नाहीत तरी चालतील.

ही इच्छा इतक्या लवकर इतकी प्रामाणिक होईल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

जाहिराती चालू होत्या. व्याह्यांनी विचारलं, "काय काय बोललात म्हणे तुमी?"

"काय न्हाई, आपलं साधंच," हणमंतराव सुरू झाले. "आधी नमस्कार केला. मग पेरणीचं सांगितलं. मग अंतर किती ठेवायचं ते. मग त्या पोरीनं इचारलं, चांगलं रान आन् वाईट रान कसं वळखायचं. मग मी बांधावर उभा राहून..."

इथं हणमंतरावांचं तोंड उघडं राहिलं.

बांधावर उभं राहून त्यांनी काय सांगितलं होतं, ते त्यांना आता शब्दन् शब्द आठवलं. एक हात एकीकडं करून ते म्हणाले होते, "ह्या अंगाला बघा. ह्याला म्हणतेत मेहनत. जो माणूस पहाटं पाचला उठतोय, त्याचं रान असं असतंय." आणि दुसरा हात दुसरीकडं करून म्हणाले होते, "आन् त्या अंगाला बघा. सूर्य डोक्यावर आल्यावर उठणाऱ्या माणसाचं रान असं असतंय. तूर वाढली का तण वाढलं, त्याचं त्याला ठाव न्हाई. शेतकरी बांधवांनो, असं आळशी होऊ नका." बांधाच्या त्या अंगाला कुणाचं रान आहे, हे या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ज्याचं होतं तो शेजारी बसून पोहे खात होता.

खरं सांगायचं तर दोन्ही रानं सारखीच होती. फरक फक्त हणमंतरावांना दिसत असे.

त्यांनी रिमोट उचलला आणि बटण दाबलं. पडद्यावर एक उंदीर मांजराच्या मागे धावू लागला.

"अहो! अहो!" सगळे ओरडले.

"चुकून दाबलं," हणमंतराव म्हणाले आणि दुसरं बटण दाबलं. एक बाई पुरणाची पोळी लाटू लागली. तिसरं दाबलं, आवाज गेला.

"दादा, नवीन मशीन हाय, तुमी हात नका लावू," म्हणत वीरभद्रनं रिमोट काढून घेतला आणि शेतीचा कार्यक्रम परत आणला. हणमंतरावांनी बल्बकडं बघितलं. धम्मदीपचा शब्द पक्का होता. ते मेन स्विचच्या दिशेनं उठले.

"हिरो कुठं चालला?" चेअरमन म्हणाले. हशा झाला. भागवतनं त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं आणि धरलेला हात सोडलाच नाही.

आणि हणमंतराव पडद्यावर आले. फेटा, मिश्या, मागे आभाळ. खोलीत टाळ्या झाल्या. पेरणी झाली, अंतर झालं. मग पडद्यावरच्या हणमंतरावांनी हात उचलला. इकडच्या हणमंतरावांनी डोळे मिटले.

"ह्या अंगाला बघा," त्यांचाच आवाज म्हणाला. "ह्याला म्हणतेत मेहनत."

"अव!" राजकन्या किंचाळली. "ही आपली जांभूळ! आपलंच रान की हे!"

हणमंतरावांनी एक डोळा उघडला. पडद्यावर भागवतच्या बांधावरची वाकडी जांभूळ डुलत होती आणि खाली भागवतची तूर पसरली होती. जो माणूस पहाटं पाचला उठतोय त्याचं रान असं असतंय, असं ते स्वतः महाराष्ट्राला सांगत होते. त्या पोरांनी इकडची तूर आणि तिकडची तूर टिपली होती खरी. पण इकडची कोणती आणि तिकडची कोणती, हे मुंबईत चित्रं जोडत बसलेल्या माणसाला कोण सांगणार?

"आन् त्या अंगाला बघा," आवाज पुढं म्हणाला आणि पडद्यावर एक बुजगावणं आलं. त्याच्या अंगात निळ्या रेघांचा सदरा होता.

"आगं बाई," सिंधुबाई म्हणाल्या. "तुमचा सदरा."

सूर्य डोक्यावर आल्यावर उठणाऱ्या माणसाचं रान संपूर्ण अर्धं मिनिट दिसत राहिलं. कॅमेऱ्यानं त्यातलं तण फार आपुलकीनं टिपलं होतं. कार्यक्रम संपला.

देविदासअण्णा म्हणाले, "हणमंता, माणसानं सोताला इतकं बोलू न्हये रे."

भागवतच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हातातली बशी वाकडी होऊन पोहे मांडीवर सांडले होते. "दादा, तू पाचला उठतोस. मी रोज भिंतीतून तुझं उठणं ऐकतो. आन् माझं नाव व्हावं म्हणून सबंध महाराष्ट्राला सांगितलंस, की तू आळशी हायस?"

हणमंतरावांनी तोंड उघडलं. खरं सांगायला एक वाक्य पुरणार होतं. त्या एका वाक्यानं त्यांचं रान त्यांना परत मिळालं असतं, आणि भागवत उठून मोटारसायकलीकडं गेला असता. भावाचा हात अजून त्यांच्या हातात होता.

"सांगावं लागतंय कधी कधी," ते म्हणाले.

"मोठं काळीज लागतंय बुवा," व्याही हळू आवाजात म्हणाले. "आमी तर नुसते मागच्या रांगेत उभे व्हतो, तरी चौकट केली."

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. तिसऱ्या दिवशी औशाहून एक जीप भरून शेतकरी आले. त्यांनी भागवतची तूर हात लावून बघितली, जांभळीखाली फोटो काढले आणि जाताना एकानं कुंपणावरून वाकून विचारलं, "ते... उशिरा उठणारे इथंच राहतेत का?" तेव्हा सकाळचे साडेसात झाले होते आणि हणमंतराव दोन तास खुरपून घामाघूम होऊन रानातून परत आले होते. ते खुरपं पाठीमागं लपवून म्हणाले, "इथंच. अजून झोपलेत."

रात्री जेवताना भागवत म्हणाला, "दादा, उद्या नांदेडची गाडी येणार हाय. सकाळी सातलाच. तू रानात काम करताना दिसलास तर लोकांना वाटंल टीव्हीवर खोटं सांगितलं." तो आता रोज इकडंच जेवायला येत असे. "तुझं नाव जाईल ते जाईल, माझं बी जाईल."

म्हणून दुसऱ्या दिवशी हणमंतराव, चाळीस वर्षांत प्रथमच, पाचला जागे होऊनही अंथरुणात पडून राहिले. सहापर्यंत त्यांनी छताचे वासे मोजले. साडेसहापर्यंत कूस बदलली. सातला गाडी आल्याचा आवाज आला आणि भागवत कुणाला तरी पेरणी समजावताना ऐकू आला. त्यांच्यापेक्षा बरं सांगत होता. साडेसातला खिडकीतून ऊन पायांवर आलं. आठला कधी डोळा लागला ते त्यांना कळलंच नाही.

आता महिना होत आला आहे. गाड्या येणं केव्हाच थांबलं. परवा दहा वाजता सिंधुबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आता कुणी येत न्हाई बघायला. उठा की. रानात तण किती झालंय!"

"असू दे," हणमंतराव चादर डोक्यावर ओढत म्हणाले. "टीव्हीवर दाखवलंय तसं राहू दे."